ओमेगा सेंटॉरी म्हणजे चोखलेल्या आंब्याची कोय

प्रश्न असा आलाय: "ओमेगा सेंटॉरीला पुस्तकात गोलाकार तारकागुच्छ म्हणतात आणि बातम्यांत मात्र आकाशगंगेनं गिळलेल्या छोट्या गॅलक्सीचा गाभा म्हणतात, मग तो नक्की आहे काय? इतक्या अब्ज वर्षांपूर्वी काय घडलं ते आज कळतं तरी कसं? आणि महाराष्ट्रातून दिसतो का?"

शेवटून सुरू करतो, कारण तेच सोपंय. दिसतो, आणि झकास दिसतो. उत्तर युरोपातल्या हौशी मंडळींना तो बघायला विमानाचं तिकीट काढावं लागतं, आपल्याला फक्त शहराच्या उजेडातून बाहेर पडायचं आणि दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेली जागा गाठायची. पुण्याहून तो क्षितिजावर जास्तीत जास्त २४ अंश चढतो, गोव्याकडे गेलात तर आणखी तीनेक अंश. हात समोर ताठ धरून मूठ वळली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, म्हणजे क्षितिजापासून अडीच मुठी. शोधायची युक्ती सांगतो, ही मला खूप उशिरा सुचली, आधी मी त्रिशंकूवरून चाचपडत जायचो. चित्रा ओळखता येते ना? चित्रा आणि ओमेगा सेंटॉरी आकाशात जवळजवळ एकाच उभ्या रेषेत आहेत, त्यामुळे चित्रा बरोब्बर दक्षिणेला आली की तिच्या सरळ खाली साडेतीन मुठी मोजायच्या, आणि तिथे एक किंचित पुसट, कडा नसलेला तारा दिसला की झालं. एप्रिलच्या मध्यावर हे रात्री साडेबाराच्या सुमाराला होतं, मेच्या शेवटच्या आठवड्यात पावणेदहालाच. थोडक्यात आंब्याचा सीझन तोच ओमेगा सेंटॉरीचा सीझन. हे लक्षात ठेवा, आंबा पुढे परत येणारे.

साध्या १० बाय ५० च्या बायनॉक्युलरमधून कापसाच्या बोळ्यासारखं दिसतं. आठ इंची दुर्बिणीतून मात्र माणूस गप्प होतो. कोकणातल्या एका सड्यावर मी दरवर्षी मे महिन्यात दुर्बीण लावतो, एकदा एक सातवी-आठवीतली मुलगी आयपीसला डोळा लावून इतका वेळ उभी राहिली की मागची रांग कुरकुरायला लागली, आणि मग म्हणाली, "काका, रांगोळीची चिमूट एकाच जागी सुटलीय." यापेक्षा चांगलं वर्णन मी अजून ऐकलं नाहीये. मधे दाट, कडेला विरळ, आणि नीट बघितलं तर पूर्ण गोल नाही, थोडासा चपटा. तो चपटेपणा डोळ्याचा भास नाही, अख्खा गुच्छ स्वतःभोवती फिरतोय म्हणून तो तसा आहे.

आता नाव. ओमेगा हे अक्षर ताऱ्याला देतात, गुच्छाला नाही. प्राचीन खगोलवेत्त्या टॉलेमीनं दुसऱ्या शतकात याची नोंद तारा म्हणूनच केली, १६०३ साली जर्मनीतल्या बायरनं आकाशाचा नकाशा काढला तेव्हा नरतुरंग, म्हणजे सेंटॉरस, या तारकासमूहातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरं वाटता वाटता यालाही एक दिलं. एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर गेला होता, त्याला हे प्रकरण ताऱ्यासारखं वाटलं नाही, त्यानं धूसर ठिपका म्हणून नोंदवलं. मग १८३० च्या दशकात जॉन हर्शेलनं केप ऑफ गुड होपहून मोठ्या दुर्बिणीतून त्यातले असंख्य तारे सुटे सुटे बघितले. म्हणजे आधी तारा, मग धूसर ठिपका, मग गुच्छ. आणि आता चौथी ओळख द्यायची वेळ आलीय.

आकडे एकदाच देऊन टाकतो. अंतर सुमारे १७ ते १८ हजार प्रकाशवर्षं. तारे साधारण एक कोटी. वस्तुमान आपल्या सूर्याच्या चाळीस लाख पटींच्या आसपास. आपल्या आकाशगंगेत दीडशेहून जास्त गोलाकार गुच्छ माहीत आहेत आणि त्या सगळ्यांत हा सर्वात जड. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ, ज्याचं उत्तर गोलार्धातल्या लोकांना भारी कौतुक, तो याच्यापुढे अगदीच किरकोळ, वस्तुमानात पाच-सहा पट तरी कमी.

पण नुसतं जड असणं हा काही पुरावा नाही. वर्गात एक मुलगा सगळ्यात उंच असतोच, म्हणून तो दुसऱ्या शाळेतला ठरत नाही. संशय आला तो वेगळ्याच गोष्टीवरून, लोखंडावरून. आणि मला विचाराल तर हा सगळा विषय लोखंडातच आहे, बाकीचे पुरावे त्याला दुजोरा देणारे. म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

साधा गोलाकार गुच्छ कसा बनतो? वायूचा एक प्रचंड ढग आकसतो आणि त्यातून लाखो तारे जवळजवळ एका दमात जन्माला येतात. ढगात जेवढं लोखंड होतं तेवढंच प्रत्येक ताऱ्यात येतं, एकाच परातीतल्या मळलेल्या कणकेच्या पोळ्यांत मीठ सारखंच असतं तसं. मग त्यातले मोठे तारे काही दशलक्ष वर्षांत सुपरनोव्हा होऊन फुटतात, त्या स्फोटांत नवं लोखंड तयार होतं. आता प्रश्न येतो की हे नवं लोखंड उरलेल्या वायूत मिसळून पुढच्या पिढीच्या ताऱ्यांत जाईल का? तर नाही, कारण सुपरनोव्हाचा माल सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगानं बाहेर फेकला जातो आणि साध्या गुच्छाचं गुरुत्वाकर्षण एवढं तोकडं असतं की सेकंदाला काही दहा किलोमीटरचा वेग मिळाला तरी वस्तू त्यातून सुटते. माल तर जातोच, वर शिल्लक वायूही बरोबर उडवून नेतो. दुकान बंद. म्हणून साध्या गुच्छात कुठलाही तारा घ्या, लोखंडाचं प्रमाण तेच निघतं, फरक निघालाच तर मोजमापाच्या चुकीएवढा.

ओमेगा सेंटॉरीत असं नाहीये. तिथे काही ताऱ्यांत लोखंड सूर्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आणि काहींत सूर्याच्या चौथ्या भागाएवढं. वीस-पंचवीस पट फरक, एकाच गुच्छात! म्हणजे पहिल्या पिढीच्या सुपरनोव्हांचा माल कुणीतरी धरून ठेवला, थंड होऊ दिला, त्यातून दुसरी पिढी जन्माला आली, तिच्या सुपरनोव्हांचा माल परत धरून ठेवला, असं बऱ्याच वेळा झालं. एवढा माल धरून ठेवायला आजच्या ओमेगा सेंटॉरीचं गुरुत्वाकर्षणही पुरणारं नाही. म्हणजे तेव्हा तो एकटा नव्हता. त्याच्याभोवती फार मोठं काहीतरी होतं ज्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यात तो तळाशी बसला होता आणि बाहेर उडालेला वायू घरंगळत परत तळाशी यायचा. असं काहीतरी म्हणजे गॅलक्सी. छोटी असेल, पण गॅलक्सी.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. याच्या जास्त लोखंडाच्या ताऱ्यांत बेरियम, लँथॅनम अशी मूलद्रव्यं भरपूर सापडतात. ती सुपरनोव्हात बनत नाहीत फारशी, ती बनतात मध्यम वजनाच्या ताऱ्यांच्या म्हातारपणी, सावकाश, आणि तेवढं म्हातारं व्हायला ताऱ्याला कोट्यवधी वर्षं लागतात. म्हणजे इथे ताऱ्यांचा कारखाना एका दमात बंद पडलेला नाही, बराच काळ चालला. नेमका किती यावर अजून हाणामारी आहे, पण अब्ज-दोन अब्ज वर्षं म्हणणारे बरेच आहेत. एका साध्या गुच्छाला एवढी मुदत कुणी देत नाही.

हे चित्रात कसं दिसतं ते सांगतो कारण मी स्वतः इथेच आपटलो होतो. ताऱ्यांचा रंग आडव्या अक्षावर आणि तेजस्वीपणा उभ्या अक्षावर मांडला की साध्या गुच्छाचे लाल राक्षसी तारे एका बारीक, स्वच्छ रेषेवर येतात, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखे. मी पहिल्यांदा ओमेगा सेंटॉरीचा आलेख काढला तेव्हा स्क्रीनवर दोऱ्याऐवजी केरसुणी उमटली. पसरलेली, फाटे फुटलेली, उजवीकडे एक वेगळाच फाटा लोंबतोय. मला वाटलं मी कॅलिब्रेशन चुकवलं. दोन दिवस सगळी प्रक्रिया परत केली, धुळीमुळे होणाऱ्या लालीची दुरुस्ती तीन वेगवेगळ्या प्रकारे करून बघितली, केरसुणी तशीच. मग सरांनी बघितलं आणि हसत म्हणाले, अरे ती तशीच आहे, तू बरोबर केलंयस. मग कळलं की मीच काही पहिला नव्हतो, १९६० आणि ७० च्या दशकात लोकांना हा रुंदपणा दिसला होता आणि बराच काळ तो मोजण्यातला दोष असावा अशीही शंका होती. १९७५ मध्ये फ्रीमन आणि रॉजर्स या जोडीनं यातल्या चल ताऱ्यांच्या, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या, वर्णपटात कॅल्शियम मोजलं आणि ते ताऱ्यागणिक वेगळं निघालं, तिथून मग दोष आलेखात नसून गुच्छातच काहीतरी आहे हे मान्य करावं लागलं.

आणि खरी गंमत २००४ साली आली. हबल दुर्बिणीनं यातले अगदी फिके, सूर्यासारखे आणि त्याहून लहान तारे मोजले तेव्हा तिथेही एक रेषा नाही, दोन निघाल्या, एक थोडी निळी आणि एक थोडी लाल. आता लोखंड जास्त असलं की तारा लाल दिसतो हा आपला ठोकताळा, त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की निळी रेषा कमी लोखंडवाल्यांची. २००५ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवर त्यांचे वर्णपट घेतले, तर बरोबर उलटं! निळ्या रेषेतल्या ताऱ्यांत लोखंड जास्त. याला वाट एकच सापडली, ती म्हणजे हीलियम. विश्वाच्या सुरुवातीला बनलेल्या मालात हीलियम वजनाच्या साधारण एक चतुर्थांश असतं, या निळ्या ताऱ्यांत ते ४० टक्क्यांच्या जवळपास धरलं तरच गणित जुळतं. हीलियम जास्त असलं की तारा जास्त गरम आणि जास्त निळा होतो, लोखंडाचा परिणाम पुसून वर उरतो. एवढं हीलियम आलं कुठून याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर आजही नाहीये, आणि या विषयावर परिषदेत दोन माणसं एकत्र चहा प्यायला बसली की चहा थंड होतो.

इथे एक इशारा. नेटवर लोक सरसकट लिहितात की गुच्छात ताऱ्यांच्या एकाहून जास्त पिढ्या सापडल्या म्हणजे तो गॅलक्सीचा गाभा. तसं नाही हो. सोडियम, ऑक्सिजन, हीलियम यांतला फरक जवळजवळ सगळ्याच गोलाकार गुच्छांत सापडतो, अगदी जिथे लोखंड एकसारखं आहे तिथेही. एनजीसी २८०८ नावाच्या गुच्छात तर फिक्या ताऱ्यांच्या तीन रेषा आहेत आणि तरी लोखंडात तसा काही फरक नाही. तेव्हा सोडियम-ऑक्सिजन बघून गॅलक्सी म्हणू नका, लोखंड बघा. आणि लोखंडात फरक असला तरी लगेच बाहेरचा म्हणू नका, टेर्झान ५ नावाचा गुच्छ आहे, त्यात लोखंडाचे दोन-तीन वेगळे गट आहेत पण त्याची रसायनं आपल्याच आकाशगंगेच्या मधल्या फुगवट्याशी जुळतात. तो बहुधा घरचाच.

मग ओमेगा सेंटॉरी बाहेरचा कशावरून? तर चालीवरून. आकाशगंगेच्या तबकडीतले तारे, आपला सूर्यसुद्धा, केंद्राभोवती एका दिशेनं फिरतात. हा उलटा फिरतो. उलटं फिरणारे गुच्छ इतरही आहेत, पण एवढा जड, रसायनं अशी आणि चाल उलटी, हे तिन्ही एकत्र आल्यावर योगायोग म्हणवत नाही. शिवाय त्याची कक्षा सूर्याच्या कक्षेच्या आतल्या भागातच आहे, आणि हे पण बघा, बाहेरून आलेली हलकी वस्तू इतक्या आत उतरत नाही, ती बाहेरच्या बाहेर फिरत राहते. जड वस्तू मात्र आजूबाजूच्या ताऱ्यांना आणि डार्क मॅटरला (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणानं जाणवणारा माल) ओढत ओढत स्वतःचा वेग गमावते आणि हळूहळू आत घसरते. म्हणजे आत येताना तो आजच्यापेक्षा खूप जड होता. घसरत गेला आणि घसरताना अंगावरचं एकेक उतरत गेलं.

इथे आंबा. आमच्या आजोळी हापूस नसायचा, रायवळ असायचे, ते कापून खायचे नसतात, माचून चोखायचे. आधी रस जातो, मग गर, साल बाजूला पडते आणि शेवटी हातात कोय राहते, आणि कोयीवर थोडे केसर चिकटलेले. आकाशगंगेनं त्या छोट्या गॅलक्सीचं हेच केलं. बाहेरचे विरळ तारे आणि डार्क मॅटर आधी ओढून घेतलं, कारण ते सैल बांधलेलं असतं. वायू गेला. मधला दाट गाभा मात्र इतका घट्ट की तो चोखला जात नाही, तो तसाच राहिला. तीच कोय आपण मे महिन्यात क्षितिजावर अडीच मुठी बघतो. ज्यांना या गुच्छात डार्क मॅटर का सापडत नाही असा प्रश्न पडतो त्यांनाही हेच उत्तर, रस सगळ्यात आधी जातो.

आणि केसरही सापडले बरं का. २०१९ मध्ये इबाता आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांच्या जागा आणि चाली मोजणाऱ्या युरोपच्या गाया उपग्रहाच्या मोजमापातून दाखवलं की आकाशात सुमारे १८ अंश लांब पसरलेला ताऱ्यांचा एक बारीक प्रवाह, त्याला नॉर्स पुराणातल्या एका नदीवरून फिम्बुलथुल असं जिभेची परीक्षा बघणारं नाव दिलंय, तो ओमेगा सेंटॉरीतूनच निसटलेल्या ताऱ्यांचा आहे. म्हणजे चोखणं अजून पूर्ण थांबलेलं नाही.

आता आंबा कुठला होता? २०१८ मध्ये गायाच्याच डेटावरून दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की साधारण दहा अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेवर एक बऱ्यापैकी मोठी गॅलक्सी आदळली आणि मिसळून गेली. एका गटानं तिला गाया-एन्सेलाडस म्हटलं, दुसऱ्यानं गाया-सॉसेज, कारण ताऱ्यांच्या वेगांच्या आलेखात तिचा आकार सॉसेजसारखा लांबुळका येतो. आपल्या आकाशगंगेभोवतीच्या वलयातले सूर्याच्या आसपासचे बरेचसे तारे तिचेच. ओमेगा सेंटॉरी तिचा गाभा, असं आज बहुतेक जण मानतात. पण सगळे नाही. त्याची चाल उलटी आहे म्हणून काही जण सेक्वोया नावाच्या दुसऱ्या, लहान गॅलक्सीकडे बोट दाखवतात. मला गाया-एन्सेलाडस जास्त पटते आणि कारण परत वजनाचंच, चाळीस लाख सूर्यांची कोय लहानशा आंब्यात मावायची कशी? पण हे माझं मत, पैज लावायला सांगाल तर शंभर रुपयांच्या वर लावणार नाही.

हे सगळं तुम्हाला गोष्ट रचल्यासारखं वाटत असेल. दहा अब्ज वर्षांपूर्वी कोण होतं बघायला? म्हणूनच एम ५४ हा दुसरा गुच्छ महत्त्वाचा, कारण तिथे तीच घटना अर्ध्यावर आलेली, म्हणजे आज चालू असलेली दिसते.

एम ५४ हा धनू राशीत, उत्तराषाढा नक्षत्रातल्या झीटा या ताऱ्यापासून दोनेक अंशांच्या आत. धूसर ठिपक्यांची यादी करणाऱ्या फ्रेंच मेसियरनं जुलै १७७८ मध्ये नोंदवला. पुढची दोनशेहून जास्त वर्षं तो आपल्या आकाशगंगेतला एक साधा गुच्छ म्हणून यादीत पडून होता, कुणी ढुंकून बघत नव्हतं. १९९४ मध्ये इबाता, गिलमोर आणि आयर्विन हे तिघं आकाशगंगेच्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते, शोधत होते वेगळंच काहीतरी, आणि त्यांना एकाच वेगानं जाणाऱ्या ताऱ्यांचा एक भलता घोळका सापडला. तो घोळका म्हणजे एक अख्खी छोटी गॅलक्सी निघाली, आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडच्या बाजूला, आणि ती आत्ता, या क्षणी, फाटतेय. तिचं नाव सॅजिटॅरियस ड्वार्फ. तिच्या फाटलेल्या ताऱ्यांचा पट्टा अख्ख्या आकाशगंगेला वेढा घालून गेलाय. आणि तिच्या बरोब्बर मध्यभागी कोण? एम ५४, आपल्यापासून सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षांवर. म्हणजे मेसियरनं स्वतःला न कळता दुसऱ्या गॅलक्सीचा गुच्छ टिपला होता.

तिथे मधल्या भागात लोखंड मोजलं तर ओमेगा सेंटॉरीसारखाच प्रकार, कमी लोखंडाचे म्हातारे तारे आणि त्यांच्यात मिसळलेले जास्त लोखंडाचे तरुण तारे. भोवतीचा गर अजून शिल्लक आहे, म्हणून कुणाला शंका घ्यायला जागा नाही. अजून काही अब्ज वर्षं द्या, गर संपेल, पट्टा विरेल, आणि मग कुणीतरी प्रश्न विचारेल की हा जड गुच्छ इतका विचित्र का.

कृष्णविवराबद्दल विचारलं नाहीये पण ते सांगितल्याशिवाय उत्तर अर्धं राहील. गॅलक्सीच्या गाभ्यात बहुधा मोठं कृष्णविवर असतं, तेव्हा हा गाभा असेल तर त्यातही असायला हवं. २००८ मध्ये सूर्याच्या ४० हजार पट वस्तुमानाचं कृष्णविवर इथे असल्याचा दावा झाला, २०१० मध्ये दुसऱ्या गटानं तो बराच खाली आणला, मग बरीच वर्षं नुसती रस्सीखेच. जुलै २०२४ मध्ये हेबर्ले आणि सहकाऱ्यांनी हबलच्या वीस वर्षांतल्या पाचशेहून जास्त फोटोंवरून चौदा लाख ताऱ्यांच्या चाली मोजल्या, आणि अगदी मध्यात सात तारे असे सापडले की ते इतक्या वेगानं पळतायत की त्यांनी केव्हाच गुच्छ सोडून जायला हवं होतं. तिथून निसटायला सेकंदाला ६२ किलोमीटर पुरतात, यातला सगळ्यात जोरातला ११३ नं पळतोय. तरी ते तिथेच आहेत. एक-दोन असते तर वाटेवरचे पाहुणे म्हणून सोडून देता आले असते, सात नाही. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी मध्ये आहे, दिसत नाही, आणि सूर्याच्या निदान ८२०० पट जड आहे. नंतर दुसऱ्या एका गटानं पल्सारांच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, मोजमापांवरून म्हटलं की एक मोठं नसून लहान कृष्णविवरांचा घोळका असेल. मला हे सात तारे जास्त बोलके वाटतात, पण पल्सारचं घड्याळ हे फार बारीक घड्याळ असतं, त्याला उडवून लावता येत नाही.

आपला सहभाग पण आहे यात. भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये उडाला, त्याच्यावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीनं अतिनील प्रकाशात ओमेगा सेंटॉरीचे फोटो घेतले आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या लोकांनी त्यातल्या अतिगरम ताऱ्यांचा अभ्यास केला. अतिनील का, तर साध्या प्रकाशात मधला भाग म्हणजे नुसता उजेडाचा लोट, लाखो थंड लाल तारे एकमेकांवर सांडलेले. अतिनीलमध्ये ते सगळे विझतात आणि फक्त गरम तारे उरतात, गर्दी ओसरल्यावर देवळात मूर्ती दिसावी तशी. या गरम ताऱ्यांतही परत हीलियमचाच मुद्दा पुढे येतो.

हातानं करून बघायचं असेल तर बिनदिक्कत करा, गायाचा डेटा फुकट आहे आणि टॉपकॅट नावाचं सॉफ्टवेअरही फुकट. गुच्छाभोवती अर्ध्या अंशाचं वर्तुळ घ्या, तारे उतरवा. पण थेट आलेख काढू नका, हीच चूक सगळे पहिल्यांदा करतात, कारण मधे आपल्या तबकडीतले हजारो तारे वाटेत उभे असतात आणि ते सगळं चित्र गढूळ करतात. आधी ताऱ्यांची आकाशातली सरक मांडा, गुच्छातले तारे सगळे मिळून एकाच दिशेनं सरकतात म्हणून त्यांचा एक घट्ट ठिपका वेगळा दिसेल, तो ठिपका निवडा आणि फक्त त्यांचाच रंग-तेज आलेख काढा. अगदी मधल्या गर्दीत २०२२ चा डेटा अपुरा आहे, गायाची नजर तिथे तुंबायची, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी फक्त या गुच्छाच्या मधल्या भागासाठी वेगळी यादी काढली, पाच लाखांहून जास्त नवे तारे त्यात आहेत. ती जोडली तर उत्तमच, पण केरसुणी बघायला कडेचे तारेही पुरतात. लॅपटॉप साधा असला तरी चालतो, धीर पाहिजे.

आणि बघायला जायचं असेल तर मेच्या शेवटच्या पंधरवड्यातली अमावास्येजवळची रात्र धरा, पाऊस लवकर आला नाही तर. पावणेदहाला चित्रेखाली ओमेगा सेंटॉरी बघून घ्या, तो फार वेळ उंच थांबत नाही, साडेअकरानंतर धुरकट व्हायला लागतो. मग चटईवर आडवं व्हा, डबा उघडा. दहाच्या सुमाराला एम ५४ आग्नेयेला उगवलेला असतो पण एक वाजेपर्यंत हात लावू नका, वर येऊ द्या. सहा-आठ इंची दुर्बिणीतून तो जरा फुगलेल्या ताऱ्यासारखाच दिसेल, रांगोळी सुटी होणार नाही, अंतर फार आहे, तेव्हा निराश होऊ नका आणि आयपीस बदलत बसू नका. झीटापासून पश्चिमेला जरा खाली सरकायचं, बाकी सगळे तारे टोकदार आणि हा एकच मऊ.